सिग्नलला एसी कोमट, हायवेला थंडगार: गॅस, कॉम्प्रेसर की आणखी काही?

घोडबंदरी | १२ मे, २२:१४

मंडळी, गाडीच्या एसीने वैताग आणलाय. गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, ऐंशी हजारांच्या आसपास चाललेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर दहाव्या प्रतिसादापर्यंत 'मुळात ती घेतलीच कशाला' सुरू होईल.

लक्षणं अशी. गाडी पळत असली की एसी झकास. ईस्टर्न एक्सप्रेसला साठ-सत्तरच्या वेगात बायको ओढणी गुंडाळून बसते. गायमुखच्या घाटात अडकलो की थोड्याच वेळात झोतातून कोमट हवा. ब्लोअर चारवर ठेवला तर कोमट हवाच जोरात येते. पुन्हा रस्ता मोकळा झाला की दोन-तीन मिनिटांत थंड. न्यूट्रलला उभं राहून ॲक्सिलरेटर दाबला तर जरा फरक पडतो, पण फार नाही.

एप्रिलमध्ये गॅस भरून घेतला. थोडं बरं वाटलं, मग ये रे माझ्या मागल्या. पुन्हा गेलो तर त्याने अजून थोडा मारून दिला. आता एक जण म्हणतो कॉम्प्रेसर गेला, २२ हजार. दुसरा म्हणतो कूलिंग कॉइल चोक आहे, डॅशबोर्ड खोलावा लागेल. एकदा डॅशबोर्ड खोलला की गाडी विकेपर्यंत कुठेतरी खडखड वाजत राहते, असं ऐकून आहे. खिशाला हात घालण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल?

पेठी_पुणेकर | १२ मे, २२:२१

घोडबंदर रोडला राहू नये. बाकी सगळे उपाय यापेक्षा महाग आहेत.

चपळ_कासव | १२ मे, २२:२६

काच खाली करा. मायलेजही वाढेल.

घोडबंदरी | १२ मे, २२:३३

@चपळ_कासव, गायमुखला डंपरच्या मागे उभं राहून काच खाली करून दाखवा. मायलेज वाढेल, आयुष्य कमी होईल.

रावसाहेब_०७ | १२ मे, २२:५०

गॅस कमी आहे. दहातल्या नऊ केसेस गॅसच्याच. ज्याने भरला त्याने अर्धाच भरला असणार. चांगल्या ठिकाणी जाऊन फुल भरून घ्या, विषय संपला.

गेज_आणि_पाना | १२ मे, २३:३८

नाशिकला ऑटो एसीचंच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

'चालताना थंड, उभी असली की गरम' असं गिऱ्हाईकाने सांगितलं की मी गेजची (दाब मोजायच्या काट्यांची) पेटी उघडतच नाही. आधी बॉनेट उघडतो. कंडेन्सर म्हणजे गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे बसलेली जाळी. कॉम्प्रेसरमधून तापलेला गॅस तिथे येतो, आतली उष्णता बाहेर टाकतो आणि त्याचा द्रव होतो. तो द्रव पुढे एक्स्पान्शन वॉल्व्हमधून कूलिंग कॉइलला गेला की तुम्हाला थंडावा. पळत्या गाडीत कंडेन्सरला समोरून फुकटचा वारा मिळतो. उभ्या गाडीत सगळी भिस्त पंख्यावर. पंखा फिरत नसेल, हळू फिरत असेल किंवा जाळी मातीने बुजली असेल, तर उष्णता बाहेर जायला वाटच नाही.

आता रावसाहेबांच्या गॅसबद्दल. गॅस कमी असला तरी उभ्या गाडीत आधी फरक जाणवतो, हे खरं आहे. कॉम्प्रेसर थकला असेल तरी तसंच. म्हणून गेज लावावे लागतात, पण इंजिन चालू, एसी फुलवर आणि पंखा धड आहे याची खात्री करून. निळा (कमी दाबाच्या बाजूचा) आणि लाल (जास्त दाबाच्या बाजूचा) दोन्ही काटे खाली, तर गॅस कमी. दोन्ही वर, तर पंखा, कंडेन्सर किंवा गॅस जास्त. निळा वर आणि लाल खाली, म्हणजे कॉम्प्रेसर दाबच बनवत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात उभ्या गाडीला निळा ३०-४० आणि लाल २००-२५० पीएसआयच्या (दाबाचं एकक) घरात असला की मी समाधानी असतो. तुमच्या दोघांपैकी एकाने तरी काट्यांचे आकडे सांगितले का? न सांगता २२ हजार म्हणाला असेल तर तिथे परत जाऊ नका.

रावसाहेब_०७ | १२ मे, २३:५२

आमच्या इथला माणूस गाडी बंद असतानाच गेज लावून सांगतो गॅस किती आहे ते. वीस वर्षांचा अनुभव आहे त्याला.

फिजिक्सवाली | १३ मे, ०७:१०

@रावसाहेब_०७, अनुभवाचा आदर आहे, पण बंद गाडीत तो काटा फक्त तापमान दाखवतो. सिस्टीममध्ये थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तरी आर-१३४ए चा (गाडीच्या एसीतल्या गॅसचा) दाब ठरतो तो तापमानावर. ३५ अंशांना दोन्ही काटे ११५ पीएसआयच्या आसपास येऊन थांबतील, मग आत १५० ग्रॅम असो की ४५०. काटा शून्यावर असेल तर गॅस उडालाय एवढं कळेल, त्यापलीकडे काही नाही.

गेजभाऊंनी सांगितलं त्याचं गणितही यातच आहे. कंडेन्सरमध्ये गॅसचा द्रव व्हायला ५० अंशांना साधारण १७५ पीएसआय दाब पुरतो, ६० अंशांना २३० लागतो. पंखा नीट नसला की जाळीचं तापमान चढतं, त्याबरोबर दाब चढतो. त्यातच उभ्या गाडीत कॉम्प्रेसर आधीच मंद असतो, कारण तो पट्ट्यावर इंजिनाबरोबर फिरतो. ७५०-८०० आरपीएमला तो २५०० च्या तुलनेत एक तृतीयांशाहून कमी गॅस ओढतो. ओढायची ताकद कमी आणि ढकलायचं ओझं जास्त, असं दुहेरी संकट.

शिवाय ठाण्या-मुंबईची दमट हवा. कॉइलवर एक लिटर पाणी गाळायला सुमारे २४०० किलोज्यूल लागतात, म्हणजे एक किलोवॉटचा एसी ४० मिनिटं नुसतं पाणीच गाळत बसेल. गाडीचा एसी तीन-चार किलोवॉटचा असतो, तरी त्यातला मोठा वाटा यातच जातो. गाडी उभी असताना बाहेरची हवा आत घेणारं बटण चालू ठेवत असाल तर आधी ते बंद करा. रिसर्क्युलेशनवर ठेवा.

शंकासुर | १३ मे, ०७:४८

माझी गाडी नवीन आहे, सिग्नलला हवा गरम होते. माझाही पंखा गेला का?

सई_सीएनजी | १३ मे, ०८:०५

@शंकासुर, सिग्नलला इंजिन आपोआप बंद पडतं का? पडत असेल तर कॉम्प्रेसरही थांबतो, ब्लोअर तेवढा चालू राहतो. स्टार्ट-स्टॉपचं बटण असतं, गोल बाणात 'ए' लिहिलेलं. उन्हाळ्यात गाडीत बसल्या बसल्या ते दाबून टाकायचं.

शंकासुर | १३ मे, ०८:१९

अरेच्चा! दोन उन्हाळे गेले. धन्स ताई.

पेठी_पुणेकर | १३ मे, ०८:२२

धाग्याचा पहिला बरा झालेला रुग्ण. धागाकर्ते अजून घामात.

खडूस_काका | १३ मे, ०९:३०

तुम्हा लोकांचे लाड आहेत. आमच्या काळी फियाटच्या डॅशबोर्डखाली एसीचा डबा लटकवून घ्यायचे लोक. आर-१२ गॅस. पुढे बसणाऱ्याचे गुडघे गारठायचे आणि मागचे वारा घालत बसायचे. घाट लागला की ड्रायव्हर एसी बंद करायचा. कुणी विचारायचं नाही का ते, काट्याकडे बघून सगळ्यांना समजायचं. हल्लीच्या गाड्यांत तो तापमानाचा काटाच काढून टाकलाय. थंड असताना निळा दिवा, उकळली की लाल. मधलं काही कळतच नाही.

आर-१२ ओझोनला भोक पाडतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू बंद झाला. आता आर-१३४ए सुद्धा तापमानवाढीसाठी कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून वाईट म्हणतात. सहज सोडून देऊ नका हवेत.

वऱ्हाडी_झटका | १३ मे, १०:१२

काऊन बाप्पा, ठान्यात गरमी म्हन्ता? नवतपात चंद्रपुरात या एक डाव. सावलीत उभी केलेली गाडी उघडली तरी सीट चटके देते.

माह्या गाडीले सेम हाच प्रॉब्लेम होता. गॅस चेक केला, बरोबर. पंखा चालू. मंग एका पोराने समोरचा बंपर काढला आन् कंडेन्सर रेडिएटरपासून इतकुसा पुढं ओढला. दोन जाळ्यांच्या मधात अख्खा कापसाचा थर! कापूस, माशा, पाखरं, सारं रस्त्यावरचं, पावसाळ्यात भिजून वाळून घट्ट बसलेलं. बाहेरून टॉर्च मारला तर जाळी एकदम चकाचक दिसे, कारण घाण मधात होती. हातानं सोलून काढला थर. नळाच्या पान्यानं मागून पुढं धुतली जाळी. त्यानंतर भाऊ, फुल थंड.

गेज_आणि_पाना | १३ मे, १०:४०

झटका भाऊंनी लाखाची गोष्ट सांगितली. दोन जाळ्यांच्या मधली घाण बॉनेटमधून दिसत नाही. आणि धुताना वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप जवळून मारू नका. फिन्स (जाळीची पातळ पाती) झोपतात. एकदा झोपल्या की हवा तिथून जात नाही, आणि कंगव्याने एकेक सरळ करायला अर्धा दिवस जातो. साधा नळ, मऊ ब्रश, बस.

गोंयकार_दादा | १३ मे, ११:०५

आमच्या किनाऱ्यावर फिन्स झोपत नाहीत, भुकटी होऊन पडतात. खारी हवा अल्युमिनियम खाते. जाळीला बोट लावलं आणि पांढरी पूड हाताला आली तर धुण्यात अर्थ नाही, नवीन कंडेन्सर घाल रे बाबा.

सई_सीएनजी | १३ मे, १२:३०

माझा अनुभव थोडा वेगळा, कुणाला उपयोग झाला तर बरं. सकाळी पहिला अर्धा तास एसी छान, मग ट्रॅफिकमध्ये अचानक गरम, आणि गाडी सावलीत थांबवून थंड झाली की परत चालू. तीन ठिकाणी गॅस, गॅस आणि गॅस ऐकलं. शेवटी एका वायरमनने बॉनेट उघडं ठेवून कॉम्प्रेसरच्या तोंडाकडे बघत राहायला सांगितलं. पुली फिरत होती पण तिच्या पुढची चकती थांबली होती. क्लच पकडत नव्हता. प्लेट झिजून मधली फट वाढली की थंड असताना मॅग्नेट कसाबसा ओढतो, पण मॅग्नेटची कॉइल तापली की तिची ताकद कमी होते आणि चकती सुटते. त्याने आतली एक पातळ चकती काढून फट कमी केली. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लागते म्हणाला. कॉम्प्रेसर तोच आहे, अजून चालतोय.

तेव्हा घोडबंदरी, गरम हवा सुरू झाली की तेव्हाच उतरून बघा, चकती फिरतेय का. नंतर गॅरेजला नेऊन उपयोग नाही, तिथे गाडी शहाण्यासारखी वागते.

रावसाहेब_०७ | १३ मे, १२:४१

कॉम्प्रेसर बंद होतोय म्हणजे प्रेशर स्विचने तोडलाय, म्हणजे गॅस कमी. मी म्हणत होतो तेच.

गेज_आणि_पाना | १३ मे, १३:०२

साहेब, स्विच दोन्हीकडून तोडतो. दाब खाली ३० पीएसआयच्या आत गेला तरी, आणि वर साधारण ४५० ला गेला तरी. पंखा बंद असलेल्या गाडीत गॅस अजून भरला की तो वरून तोडतो. मग गिऱ्हाईक म्हणतं गॅस भरून जास्तच बिघडलं. घोडबंदरी, तुमच्या गाडीत दोनदा अंदाजाने गॅस गेलाय, हे मला जास्त खटकतंय.

मस्कतकर | १३ मे, १४:१५

इकडे जूनमध्ये पारा ४५ च्या वर जाणं नवीन नाही, त्यामुळे या विषयावर आमचं सगळ्यांचं शिक्षण झालेलं आहे. खर्च न करता करायची एक तपासणी सांगतो.

गाडी मोकळ्यावर उभी करा. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून प्रयोग नको, धूर साठतो. एसी फुल, रिसर्क्युलेशन, दरवाजे बंद, इंजिन आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता). हवा कोमट व्हायला लागली की ग्रिलमधून कंडेन्सरवर पाण्याचा बारीक फवारा मारायचा. झाडांना मारायची स्प्रेची बाटली चालते. मिनिटा-दोन मिनिटांत आतली हवा थंड झाली, तर गॅस आणि कॉम्प्रेसर बहुधा ठीक आहेत, जाळीला हवा मिळत नाहीये. काहीच फरक पडला नाही तर मग गेज लावा. ओढणी, शर्टाची बाही पंख्यापासून लांब. काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो.

अवांतर: मी पोर्टवर रीफर म्हणजे फ्रिजवाल्या कंटेनरच्या कामात आहे. रस्त्यावर स्वस्तात मिळणाऱ्या गॅसच्या डब्यांपासून सावध राहा. २०११ मध्ये भेसळीचा गॅस भरलेल्या कंटेनरचे कॉम्प्रेसर फुटून माणसं गेली होती. त्यात आर-४० म्हणजे मिथाइल क्लोराइड निघालं. अल्युमिनियमशी त्याची प्रक्रिया होऊन हवेत पेट घेणारं रसायन तयार होतं. त्यानंतर आमच्याकडे सिलिंडर तपासल्याशिवाय कुणी नळी जोडत नाही.

चपळ_कासव | १३ मे, १४:२०

बापरे. एसीचा धागा वाचायला आलो होतो, आता गाडीत बसायची भीती वाटतेय.

बैठा_फलंदाज | १३ मे, १६:४४

यावर एकच उपाय, काळी फिल्म.

पेठी_पुणेकर | १३ मे, १६:४९

आणि पुढच्या चौकात पावती. २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल विसरलात काय? पुढची-मागची काच ७० टक्के, बाजूच्या ५० टक्के प्रकाश आत सोडणाऱ्या हव्यात.

फिजिक्सवाली | १३ मे, १७:१५

फिल्मने आतला भार कमी होतो, पण ती काही कंडेन्सरला वारा घालत नाही. उन्हात तापलेल्या गाडीत बसताना आधी चारही काचा खाली करून दोनेकशे मीटर जा, मग एसी लावा. आतली हवा साठ अंशांची असेल तर ती बाहेर घालवणं थंड करण्यापेक्षा स्वस्त पडतं.

इलेक्ट्रिक_आप्पा | १३ मे, १८:०२

बॅटरीच्या गाडीत हा त्रासच नाही. कॉम्प्रेसर स्वतःच्या मोटरवर चालतो, गाडी उभी असो की पळती. सिग्नलला थंडगार.

खडूस_काका | १३ मे, १८:३०

आणि चार्जिंगच्या रांगेत?

इलेक्ट्रिक_आप्पा | १३ मे, १८:३३

तिथेही थंडगार. रांगेत दोन तास बसलो तरी घाम नाही.

घोडबंदरी | १४ मे, २१:२०

सगळ्यांचे आभार. आज सोसायटीच्या गेटबाहेर गाडी लावून मस्कतकरांचा प्रयोग केला. वॉचमन आणि दोन पोरं बघायला उभी. कोमट हवा सुरू झाल्यावर स्प्रे मारला, आणि खरंच, झोत गार पडला. फवारा थांबवला की थोड्या वेळाने परत कोमट. कॉम्प्रेसरची चकतीही बघितली, फिरते आहे.

पण गोची अशी की पंखासुद्धा फिरतोय. एसी लावला की टक् करून सुरू होतो, आवाजही जोरात. वरून टॉर्च मारून दोन जाळ्यांच्या फटीत जेवढं दिसतं तेवढं बघितलं, कापूस-बिपूस काही नाही. मग आता?

रावसाहेब_०७ | १४ मे, २१:३४

पंखा फिरतोय. झालं तर मग. गॅस.

गेज_आणि_पाना | १४ मे, २१:५८

पंखा फिरतोय म्हणजे हवा ओढतोय असं होत नाही. तीन गोष्टी बघा.

एक, वेग. दोन वेगांचा पंखा असेल तर एसीचा दाब चढला की मोठा वेग लागायला हवा. रिले चिकटला किंवा मोटरचे कार्बन झिजले की लहान वेगावरच रेंगाळतो. पण तुम्ही आवाज जोरात म्हणताय.

दोन, बाजूचे फोम आणि प्लास्टिकचे पडदे. जाळी आणि बंपरच्या मधल्या फटी बुजवायला असतात. ते गळाले की पंखा इंजिनाचीच गरम हवा फिरवून परत जाळीवर आणतो.

तीन, दिशा. वर्तमानपत्राचं एक पान घ्या. एसी चालू, इंजिन आयडलला, आणि पान ग्रिलसमोर धरा. ग्रिलला चिकटून बसलं पाहिजे. खाली पडलं तर ओढ कमी आहे. आणि पान तुमच्या अंगावर आलं तर मला कळवा.

आणखी एक विचारायचं राहिलं. गाडी पुढून कधी ठोकली होती का?

घोडबंदरी | १४ मे, २२:०६

दिवाळीनंतर एका टेम्पोच्या मागे हळूच लागली होती. बंपर, ग्रिल आणि पंखा बदलला. कंडेन्सरला काही झालं नव्हतं. त्याचा काय संबंध? एसी तर मार्चपर्यंत ठीक होता.

सई_सीएनजी | १४ मे, २२:११

डिसेंबरात ठाण्यात एसी बंद असला तरी ठीकच वाटतो हो!

वऱ्हाडी_झटका | १४ मे, २२:१५

आता मजा येनार. पेपरचं पान धरा बाप्पा लवकर, मले झोप नाई येत.

घोडबंदरी | १५ मे, ०७:५०

पान अंगावर आलं.

ग्रिलसमोर पान धरलं आणि ते सरळ माझ्या पोटावर येऊन फडफडायला लागलं. हात नेला तर ग्रिलमधून गरम हवा बाहेर! मी पंख्याच्या मोटरची वायर बघितली. कंपनीचा कनेक्टर कापून नवीन मोटरच्या दोन वायरी काळ्या टेपने गुंडाळून जोडल्या आहेत. टेप उन्हाने सुटत आलीय. एका बाजूने लाल येते ती दुसऱ्या बाजूच्या काळीला जोडलीय.

मस्कतकर | १५ मे, ०८:२०

उलटा पंखा! साध्या डीसी मोटरला प्लस-मायनस उलटं दिलं की ती उलटी फिरते. तुमचा पंखा रेडिएटरची गरम हवा पुढे कंडेन्सरवर ढकलत होता. उभ्या गाडीत म्हणून सगळा खेळ खल्लास. वेग वाढला की समोरचा वारा त्याला हरवतो, म्हणून हायवेला थंड. इंजिनही तापत असणार, पण काकांनी म्हटलं तसं काटाच नसल्यामुळे कळलं नाही.

खडूस_काका | १५ मे, ०८:४१

काटा हवा. लिहून घ्या.

फिजिक्सवाली | १५ मे, ०९:०२

उलट फिरताना पात्यांचा बाकही चुकीच्या बाजूला असतो, त्यामुळे हवा कमी आणि आवाज जास्त. 'आवाजही जोरात' ही खूण पहिल्याच दिवशी आली असती तर हा धागा छोटा झाला असता.

पेठी_पुणेकर | १५ मे, ०९:०७

छोटा झाला असता तर आम्ही काय वाचलं असतं?

गेज_आणि_पाना | १५ मे, ०९:३०

वायरी नुसत्या अदलाबदल करून टेप मारू नका. त्या मोटरला १५-२० अँपिअर जातात, ढिला जोड तापतो आणि वितळतो. चांगल्या वायरमनकडून नवीन कनेक्टर क्रिंप करून घ्या, फ्यूजही बघायला सांगा. त्यानंतर थंड होईल, पण पूर्ण नाही, कारण आत गॅस जास्त असण्याची दाट शक्यता आहे. बॉनेटखाली स्टिकर असतो, त्यावर गॅसचं वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. रिकव्हरी मशीन असलेल्या ठिकाणी जा. जुना गॅस मशीनमध्ये ओढून त्याचं वजन बघायला सांगा, अर्धा तास व्हॅक्यूम, मग स्टिकरवर आहे तेवढाच भरायचा. समोर उभं राहून आकडा बघा.

घोडबंदरी | १७ मे, २०:४५

वायरी सरळ झाल्या. पान आता ग्रिलला चिकटतं, सोडलं तरी पडत नाही. उभ्या गाडीत मधल्या झोताला स्वयंपाकघरातला थर्मामीटर लावला, बाहेर ३५ असताना आत १५. आधी २३-२४ यायचं.

मग मशीनवाल्याकडे गेलो. स्टिकरवर ३५० ग्रॅम. मशीनने ५२० ओढला. मालकाने चष्मा पुसून परत बघितलं. व्हॅक्यूम करून ३५० भरला, गेलेलं थोडं तेलही मोजून घातलं. आता उभ्या गाडीत ११ ते १२. काल रात्री गायमुखला अडकलो होतो, बायकोने स्वतःहून ब्लोअर दोनवर आणला.

रावसाहेब_०७ | १७ मे, २०:५८

म्हणजे गॅसचा प्रॉब्लेम होताच की. जास्त होता एवढंच.

गेज_आणि_पाना | १७ मे, २१:०४

साहेब, तुमच्यासाठी नाशिकला चहा सांगून ठेवतो.

वऱ्हाडी_झटका | १७ मे, २१:१०

वाखुसा (वाचनखूण साठवली). ज्यानं पंखा उलटा बसवला त्याले काही बोलले का नाई?

घोडबंदरी | १७ मे, २१:१८

गेलो होतो. म्हणाला, 'पंखा फिरत होता ना?' पैसे मागितले नाहीत, त्यानेही दिले नाहीत. पण त्याच्या पोराने पुढच्या गाडीला मोटर बसवल्यावर माझ्यासमोरच ग्रिलपुढे बिलाचा कागद धरून बघितला.

शंकासुर | १७ मे, २१:४०

माझ्या दुसऱ्या गाडीत डावीकडच्या झोतातून थंड आणि उजवीकडच्यातून कोमट येतं. तिचाही पंखा उलटा असेल का?

गेज_आणि_पाना | १७ मे, २१:४६

नाही दादा. गॅस कमी असला की कूलिंग कॉइलचा एकच भाग थंड पडतो, नाहीतर आतला फ्लॅप अडकलेला असतो. तापमानाचा नॉब पूर्ण थंडवर आणि पूर्ण गरमवर फिरवून दोन्ही बाजूंना काय होतं ते बघा, आणि वेगळा धागा काढा. इथे रावसाहेब वाचताहेत.